जुन्या आणि नव्या धावपटूंची तुलना

पूर्वीचे खेळाडू श्रेष्ठ की आजचे, हा वाद आपल्याकडील सुशिक्षित घरांत जितक्या आवडीने होतो तितका क्वचितच दुसरा एखादा होत असेल. आजोबा प्रा. देवधरांचे नाव घेतात, वडील गावसकरांचे घेतात आणि नातू तेंडुलकरांच्या शतकांची यादी पुढे टाकतो. पानावरून उठेपर्यंत कोणी कोणाचे म्हणणे मान्य केलेले नसते. याचे कारण उघड आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाची धाव ही गोलंदाजाच्या चेंडूवर तोललेली असते, आणि दोन पिढ्यांचे गोलंदाज एकाच फलंदाजापुढे उभे करणे कोणाच्याही हाती नाही. कुस्तीचेही तेच. १९२० साली अँटवर्प येथे चौथे आलेले रणधीर शिंदे आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांत उजवा कोण, हे सांगावयास दोघांची जोड लावावी लागेल. तांबड्या मातीतला डाव गादीवर किती उतरतो हा प्रश्न त्यात पुन्हा निराळाच.

परंतु धावण्याचे तसे नाही, अशी आपली समजूत असते. तेथे अंतर ठरलेले, घड्याळ निःपक्षपाती. कोण किती वेळात पोचला एवढे पाहिले की निवाडा झाला. ही समजूत कितपत खरी आहे हे तपासून पाहण्यासारखे एक उदाहरण आपल्याच मराठी मुलुखाच्या सीमेवरचे आहे. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. पण ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत प्रथम पुरी करणारे भारतीय ते हेच.

ही हकीकत पुण्यात सुरू होते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद १९१९ साली सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी केले आहे. धावणारे बहुतेक खेड्यापाड्यांतले शेतकरी, पायात काही नाही, शिक्षण असे काही नाही. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या तुलनेत टाकाऊ नव्हत्या, असा त्या वर्णनाचा मथितार्थ आहे. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांचे साहाय्य मिळवून, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलून, दोराबजींनी १९२० साली काही धावपटू आणि दोन मल्ल बेल्जममध्ये पाठविले. त्या काळी आपल्याकडे घड्याळाचे ज्ञान कितपत होते याविषयी एक हकीकत सांगितली जाते. शंभर यार्डांना ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल, असे विचारता जिमखान्याच्या एका जबाबदार गृहस्थांनी ‘एक-दोन मिनिटे’ असे उत्तर दिले, आणि मिनिटे नव्हे, सेकंदांचाही पाचवा हिस्सा मोजतात, असे ऐकून ते थक्क झाले! हकीकत थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण मोजण्याची सवय नसलेल्या समाजातून हे गडी मोजणाऱ्यांच्या जगात गेले, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. त्यांच्याबरोबर उतरलेले सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत. आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहू. बिहारचे शिवनाथ सिंग १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावले, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तो भारतीय उच्चांक कोणास मोडता आला नाही. दोन्ही आकड्यांत जवळजवळ एकोणचाळीस मिनिटांचे अंतर आहे. घड्याळ निःपक्षपाती असेल तर वाद येथेच संपला.

तो संपत नाही, कारण घड्याळ एक असले तरी रस्ता एक नव्हता. मॅरेथॉनचे आजचे अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे १९०८ साली लंडनच्या सामन्यांत प्रथम धावले गेले. पण ते कायमचे ठरले १९२१ साली. मधल्या काळात यजमान शहरास सोयीचा वाटेल तो रस्ता निवडला जाई. १९१२ साली स्टॉकहोमला हे अंतर ४०.२ किलोमीटर होते, तर अँटवर्पला ४२.७५ किलोमीटर. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा ५५५ मीटर अधिक धावले. त्यांचा वेग किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी असा पडतो; त्या हिशेबाने जादा अंतराची सुमारे सव्वादोन मिनिटे वजा केली तर त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास येते. आणि गंमत अशी, की याच अँटवर्प नगरीत १९६९ साली ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनने २ तास ८ मिनिटे ३३.६ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला, तेव्हा तो रस्ता कमी भरला असावा असा संशय जाणकारांनी घेतला आणि तो अद्याप पुरता फिटलेला नाही. एकाच गावाने एकदा पदरचे अर्धा किलोमीटर घातले, आणि दुसऱ्यांदा काही काढून घेतले म्हणतात!

सव्वादोन मिनिटांनी एकोणचाळीस मिनिटे भरून निघत नाहीत, हे खरेच. म्हणून काही चिकित्सक लोक दुसरी रीत सुचवितात. निरनिराळ्या काळांतील खेळाडू एकमेकांशी ताडून पाहू नयेत; प्रत्येकास त्याच्या काळातील सर्वोत्तमाशी ताडावे आणि मग ती अंतरे ताडावी. ही रीत वाजवी दिसते. तिने पाहता चौगुल्यांना विजेत्यापेक्षा शेकडा बारा अधिक वेळ लागला. शिवनाथ सिंग १९७६ साली माँट्रिअलला २ तास १६ मिनिटे २२ सेकंदांत अकरावे आले, तेव्हा पूर्व जर्मनीच्या विजेत्याहून त्यांना शेकडा पाच अधिक लागले. येथेही शिवनाथच वरचढ ठरतात. माझे स्वतःचे मतही, निव्वळ धावपटू म्हणून, असेच आहे. शिवनाथ कित्येकदा अनवाणीच धावत. शास्त्रशुद्ध शिक्षण आणि उत्तम पादत्राणे असलेल्या जगाशी त्यांनी टक्कर दिली. १९६० साली रोमच्या दगडी रस्त्यावर इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, त्याची आठवण त्यांच्याकडे पाहून अनेकांस झाली असेल.

पादत्राणांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१७ पासून तळात कार्बनची पट्टी घातलेले बूट बाजारात आले आणि लांब पल्ल्याच्या वेळा अशा काही उतरू लागल्या, की २०२० साली जागतिक संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंतच असावी असा नियम करावा लागला. २०२३ साली शिकागो येथे केनियाच्या केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून दाखविली. त्यातील किती सेकंद पायांचे आणि किती बुटांचे, हे कोणी सांगावे? तेव्हा यापुढे नातवांच्या वादात मोच्यालाही साक्षीस बोलवावे लागेल.

पण काळाकाळातील सर्वोत्तमाशी तुलना करण्याच्या या रीतीत एक गृहीत दडलेले आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तेथेच आहे. ‘त्या काळातील सर्वोत्तम’ म्हणजे त्या काळी ज्यांना धावण्याच्या रेषेवर उभे राहू दिले त्यांतला सर्वोत्तम. अँटवर्पला महायुद्धात हरलेल्या जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या देशांना निमंत्रण नव्हते. पुढे ज्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यती जवळजवळ आपल्या नावावर करून घेतल्या, त्या केनिया आणि इथिओपियाचा एकही माणूस तेथे नव्हता. कोलेहमाइनेन थोर खराच. पण तो निवडक जगातला थोर. मग त्याच्याशी शेकडा बाराचे अंतर, या आकड्याला अर्थ किती द्यावयाचा?

आणि रेषेबाहेर राहिलेले लोक केवळ आफ्रिकेतलेच होते असे नाही. पुण्याच्या जिमखान्यापर्यंत दख्खनमधले शेतकरी पोचले. उत्तर कोकणातील डहाणू, तलासरीकडचे वारली पोचले नाहीत. ते पोचणार तरी कसे? लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या चार पैशांपायी आयुष्यभर राबणारा जो ‘लग्नगडी’, त्याची स्थिती सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात नोंदलेली आहे. ज्याचा दिवस मालकाचा, त्याचे पायही मालकाचेच. येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. रानात राहणारा माणूस जन्मतःच वारा प्यालेला धावपटू असतो, ही शहरी माणसाची आवडती कल्पना आहे; ती टाकून द्यावी हे बरे. अर्धपोटी माणूस ऑलिंपिक जिंकत नाही. माझे म्हणणे इतकेच, की तो धावू शकतो की नाही हे पाहण्याचीच कोणी तसदी घेतली नाही, आणि न घेतलेली परीक्षा ही नापास झाल्याची नोंद म्हणून इतिहासात राहिली.

त्या पायांत काय होते याची एक झलक १९४५ च्या ऑक्टोबरात दिसली. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची चळवळ त्या वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील तलवाड्यास सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून पसरविण्यात आला. आणि रेल्वे, मोटार, तारायंत्र यांपैकी काहीही हाती नसलेले हजारो लोक रानवाटा तुडवीत पाहता पाहता तेथे गोळा झाले. जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर आणखी चार जण मारले गेले. निरोप घेऊन या पाड्याहून त्या पाड्यावर जे धावले असतील त्यांच्या वेळा कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती शर्यत नव्हती हे खरे. पण कोण किती वेगाने किती दूर जाऊ शकतो, हेच जर पाहावयाचे असेल तर त्या रात्रीची गणती शर्यतींबाहेर का करावी, हे मला समजत नाही.

याहूनही नवलाची गोष्ट डहाणूजवळ विवळवेढे येथे आहे. तेथील महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला ध्वज घेऊन मुसळ्या डोंगराचे शिखर गाठतो व ध्वज लावून खाली परततो, असा प्रघात आहे. मान वंशपरंपरेचा, तिथी तीच, वेळ तीच, डोंगर तोच. निरनिराळ्या काळांतील माणसांची तुलना करू पाहणाऱ्याने याहून निर्दोष मैदान मागू नये! अँटवर्पचा रस्ता वाढला, क्लेटनचा कमी भरला म्हणतात, मातीच्या धावपट्ट्या जाऊन १९६८ साली मेक्सिकोत कृत्रिम धावपट्टी आली. हा डोंगर मात्र वाढला नाही की घटला नाही. पणजोबा, आजोबा, बाप आणि मुलगा एकाच चढावर, एकाच चांदण्यात धावले. आणि तेथे घड्याळ लावण्याची गरज कोणालाच वाटली नाही. कारण तेथे धावणाऱ्याला बापाहून लवकर पोचावयाचे नसते, ध्वज पोचवावयाचा असतो. आपली तुलनेची हौस ही सर्व माणसांची हौस नव्हे, हे या एका डोंगरावरून लक्षात यावे.

तथापि घड्याळ सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कधी कधी ते असे काही सांगून जाते की जुन्या-नव्याचा वाद बाजूस राहतो. जव्हारच्या पूर्वेस, नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत यांनी नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगचौ येथील आशियाई सामन्यांत केरळच्या प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिल्या आल्या आणि कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसऱ्या. दोघींत एका सेकंदाचेही अंतर नव्हते.

आता मागे जाऊन १९१२ चे स्टॉकहोम पाहा. तेथे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा वीर तोच आपला कोलेहमाइनेन होता, आणि त्याची वेळ होती ३१ मिनिटे २०.८ सेकंद. धावपट्टी निराळी, बूट निराळे, आहार निराळा, हे सर्व आक्षेप मी आधीच मान्य करून चुकलो आहे. ते सगळे जमेस धरूनही, सावरपाड्याची मुलगी आणि जगातला पहिला ‘उडता फिन’ हे दोघे कल्पनेने एका धावपट्टीवर सोडले तर तो शेवटची रेषा ओलांडील तेव्हा ती त्याच्यामागे सुमारे १६० मीटरांवर असेल. पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीत अर्ध्या फेरीहूनही कमी. स्टॉकहोमच्या त्या सामन्यांत स्त्रियांसाठी धावण्याची एकही शर्यत नव्हती. १९२८ साली त्यांना आठशे मीटर धावू दिले, पण ते स्त्रियांस झेपत नाही असे ठरवून ती शर्यत लगेच काढून टाकली आणि १९६० पर्यंत परत आणली नाही. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली, आणि कविता राऊत ज्या दहा हजार मीटरमध्ये धावल्या ती स्त्रियांची शर्यत १९८८ साली, सोल येथे.