सांबराची गोळी आणि सरकारचा परवाना : वसाहतकालीन शिकारीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना :

वसाहतकालीन शिकारीच्या अभ्यासात वाघ आणि संस्थानिक यांनाच अग्रस्थान मिळते. हरणवर्गीय प्राण्यांची शिकार, आणि त्यातही शिकाऱ्याने कोणती गोळी निवडली हा प्रश्न, निव्वळ तांत्रिक बाब समजून वगळला जातो. ही निवड प्राण्याच्या देहावरून जेवढी ठरत होती त्याहून अधिक राज्यकर्त्यांच्या भीतीवरून ठरत होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. आठ संस्थापकांपैकी दोघे भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ज्या प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात उभे आहे, त्याच्या संस्थापकांत आत्माराम पांडुरंग यांची गणना होते. सखाराम अर्जुन हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार वैद्य होते. आरंभीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, भरत. सोसायटीचे आरंभीच्या काळातील एक सदस्य आर. ए. स्टर्नडेल यांनी सातपुड्यातील शिकारजीवनावर 'सिवनी' हे पुस्तक १८७७ मध्ये लिहिले होते. निसर्ग-अभ्यासक आणि शिकारी हे त्या काळी पुष्कळदा एकच असत. परंतु १८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार सर्वसाधारण भारतीयाला बंदुकीसाठी परवाना घ्यावा लागे, तर युरोपीयांना नियमान्वये त्यातून सूट होती. सभेत एकत्र बसणाऱ्यांना शस्त्र बाळगण्याबाबत मात्र एकच नियम लागू नव्हता.

गोळीचे शास्त्र :

भेकराचे वजन जेमतेम २० ते २५ किलो, चितळाच्या नराचे सुमारे ८५ किलो, तर सांबराच्या नराचे २२५ किलोंच्याही पुढे. सिलोनमधील इंग्रज शिकारी सांबराला 'एल्क' म्हणत, ते त्याच्या आकारामुळेच. चितळाला पुरणारी गोळी सांबराच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाई आणि जखमी जनावर रानात कुठेतरी दिवसेंदिवस तडफडत मरे. काळ्या दारूच्या काळातील 'एक्स्प्रेस' रायफलीची पोकळ टोकाची शिशाची गोळी हलकी व वेगवान असे; हरणावर ती परिणामकारक ठरे, पण मोठ्या प्राण्याच्या देहात खोल जात नसे. सॅम्युएल बेकर यांनी १८९० च्या ग्रंथात या पोकळ गोळीवर टीका करून भरीव शिशाच्या गोळीचा पुरस्कार केला.

धूररहित दारू आल्यावर अडचण नेमकी उलटी झाली. धातूचे संपूर्ण कवच असलेली .३०३ ची लष्करी गोळी देहातून आरपार जाई आणि मागे लहानसे छिद्र ठेवी. त्यावर उपाय म्हणून टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी आली. ती आघाताबरोबर पसरते आणि आपली शक्ती देहातच खर्च करते. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात अशीच गोळी लष्करासाठी तयार झाली व तिचे नाव जगभर गाजले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या. ब्रिटनने मात्र ते बंधन १९०७ मध्येच स्वीकारले. शिकारीत हीच गोळी दयाळू मानली गेली. ही विसंगती वरवरची नाही. जखमी सैनिक रणातून बाजूला नेला जातो. जखमी सांबर दाट झाडीत शिरते आणि तेथे त्याची शुश्रूषा करणारे कोणी नसते.

संग्राहकाची गरज आणखी वेगळी होती. त्याला कातडे शाबूत हवे असे, म्हणून पक्ष्यांसाठी शक्य तितके बारीक छर्रे वापरले जात. गिरगावातील खेतवाडीत वाढलेल्या सलीम अली यांनी १९०८ च्या सुमारास एअरगनने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी सोसायटीत ओळखीसाठी नेता आली, कारण ती ओळखण्याजोगी उरली होती.

परवान्याची गोळी :

१९०७ मध्ये, म्हणजे योगायोगाने त्याच वर्षी, सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफलींवर बंदी आणली. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना चालतील अशी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत, हा हेतू होता. इंग्रज बंदूकनिर्मात्यांनी लवकरच .४६५, .४७० अशी जवळची मापे पुढे आणली आणि धनिक शिकाऱ्यांची सोय झाली. .३०३ हे लष्करी माप असल्याने तेही सामान्य नागरिकाला बंद राहिले. त्या जागी बीएसए कंपनीची .३१५ मापाची रायफल आली. तिची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची, जड पण मंद. जवळून चितळावर ती निश्चितच पुरेशी होती; दूरच्या सांबरावर तिचा मार्ग झपाट्याने खाली झुकतो. सामान्य परवानाधारकाने ती पत्करली ती सांबराचा विचार करून नव्हे, तर तिचे काडतूस लष्करी बंदुकीत बसत नव्हते म्हणून.

स्वातंत्र्यानंतरही १९५९ च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध मापांची कल्पना कायम ठेवली आणि .३१५ रायफल सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांना जागा होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. सांबरावर गोळी झाडण्याचा परवाना असा इतिहासजमा झाला. सैनिकी काडतुसाच्या धास्तीतून आलेले.३१५ हे माप मात्र नागरी शस्त्रपरवान्यांवर अजूनही नोंदलेले आढळते.