आयुर्वेदाच्या अध्ययनपरंपरेतील पाठांतर व प्रात्यक्षिक

वैद्यकाचा विद्यार्थी पाठांतरातच अडकतो, ही तक्रार आधुनिक मानली जाते. परंतु संहिताकारांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केलेला आढळतो. हस्तलिखितांच्या काळात पद्य हे स्मरणाचे प्रमुख साधन होते. इ. स. ७ व्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने 'अष्टांगहृदय' १२० अध्यायांत पद्यबद्ध केले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने १३ व्या शतकात त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली; म्हणजेच मुखोद्गत श्लोकालाही विवरणाची गरज होती.

केवळ घोकंपट्टी या परंपरेला मान्य नव्हती. अर्थ न जाणता शास्त्र पढणाऱ्यास 'सुश्रुतसंहिते'ने चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. शास्त्र व कर्म यांपैकी एकच जाणणारा वैद्य तिच्या मते एका पंखाचा पक्षी होय. म्हणूनच छेदनाचा सराव भोपळा, काकडी इत्यादी फळांवर आणि पट्टबंधनाचा सराव पुतळ्यावर करण्यास ती सांगते. 'चरकसंहिते'ने अध्ययनाच्या जोडीला अध्यापन व तद्विद्यसंभाषा, म्हणजे जाणकारांशी चर्चा, हीही ज्ञानसाधने मानली.

सारांश, पाठांतर हा या शिक्षणाचा पाया होता, कळस नव्हे. स्मरणशक्तीची परीक्षा घेणाऱ्या अध्यापकांनी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारण अपुऱ्या ज्ञानाची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.