द्रव स्फटिक कोशिका : तरंगमार्गदर्शी मापन

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आकडा उमटतो, तो दोन काचांमधल्या जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीच्या द्रव स्फटिकातले लांबट रेणू वळतात म्हणून. हे रेणू कोणत्या खोलीवर किती कलले आहेत, हे शोधण्याची ही प्रकाशीय पद्धत. नुसत्या आरपार गेलेल्या प्रकाशावरून साऱ्या जाडीची बेरीज तेवढी कळते. काचेलगतचा कल, जो सर्वांत महत्त्वाचा, त्यात हरवतो. म्हणून द्रव स्फटिकाचा थरच तरंगमार्गदर्शक, म्हणजे प्रकाशाला आतल्या आत वाहून नेणारी वाट, म्हणून वापरतात. लोलकातून ध्रुवित लेसर किरण सोडून आपतन कोन हळूहळू बदलला, की ठरावीक कोनांवर परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण ठळकपणे बदलते आणि आलेखात शिखरे उमटतात. प्रत्येक शिखरामागच्या तरंगाचे विद्युत् क्षेत्र जाडीभर वेगळे पसरलेले असते. त्यामुळे सगळी शिखरे गणिती प्रतिमानाशी जुळवली, की रेणूंचा कल खोलीनुसार उलगडतो.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात फूझी यांग व रॉय सॅम्बल्स यांनी १९९३ च्या सुमारास अर्धगळती पद्धत विकसित केली. तीत वरची काच जास्त अपवर्तनांकाची, खालची कमी. प्रकाश एकाच बाजूने झिरपतो, म्हणून शिखरे तीक्ष्ण येतात. प्रकाश दोन्ही बाजूंनी झिरपू देणाऱ्या पूर्णगळती पद्धतीत ती बोथट होतात. पण तीत दोन्ही काचा साध्या चालतात, त्यामुळे बाजारातली तयार कोशिका न फोडता तपासता येते.