सांगण्याची सिद्धता

गोदावरीच्या खोऱ्यांतील आमच्या परभणी प्रांतास, आपली श्रद्धा दुसऱ्यास सांगणारा मनुष्य कांहीं नवा नाहीं. जनाबाई गंगाखेडच्या, नामदेवांची नरसी १९९९ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत होती. नामदेवांची वाणी पंजाबापर्यंत पोंचली आणि त्यांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत आजहि आहेत. नामदेवांना ही यातायात करण्याचा अधिकार कोणीं दिला, असें कोणी विचारीत नाहीं. मानवतसारख्या बाजाराच्या गांवीं कीर्तनकार उभा राहिला म्हणजे लोक त्याच्या हेतूची चौकशी करीत नाहींत. परंतु सांगणारा ख्रिस्ती असला कीं तेंच कृत्य संशयास पात्र होतें. या संशयाचें मूळ निव्वळ दुराग्रहांत आहे असें म्हणून सुटका होणार नाहीं, आणि सारा दोष सांगणाऱ्याच्या माथीं मारूनहि होणार नाहीं. त्यासाठीं इतिहासाकडेच वळलें पाहिजे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत पेत्राच्या नांवें असलेलें जें पहिलें पत्र आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायांत या विषयावर एक उपदेश येतो. त्याचा आशय असा कीं, तुमच्या आशेचें कारण जो कोणी विचारील त्यास उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावें. मात्र तें सौम्यतेनें व आदरानें द्यावें. येथें ‘उत्तर’ या अर्थीं जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो न्यायासनापुढें आरोपीनें केलेल्या आपल्या समर्थनासाठीं वापरीत असत. पत्र ज्यांना उद्देशून लिहिलें ते आशिया मायनरमधील विखुरलेले, दुबळे व छळास तोंड देणारे लोक होते. म्हणजे या उपदेशांत सांगणारा हा आरोपीच्या जागीं आहे व प्रश्न विचारण्याचा मान ऐकणाऱ्याचा आहे. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासास हीच कसोटी लावून पाहूं.

मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनचें काम १८१३ सालीं सुरू झालें. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ सालीं आले. ह्या मंडळींनीं मराठीचा कसून अभ्यास केला, शाळा काढल्या, १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें. मराठी गद्यावर त्यांचें ऋण आहे आणि तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यांच्या सांगण्याची रीत बहुधा खंडनाची होती. १८३१ सालीं विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्या सभा गाजल्या. दोन्ही पक्ष विद्वान होते, दोन्ही प्रामाणिक होते. पण पेत्राच्या पत्रांतील आरोपी येथें फिर्यादी झाला होता. तो आपल्या आशेचें कारण सांगण्याऐवजीं दुसऱ्याच्या पुराणांची उलटतपासणी घेत होता. आणि त्याच्या पाठीशीं त्याच्याच वर्णाचें राज्य उभें होतें. दुर्बळाच्या तोंडीं जें धैर्य ठरतें, तेंच वाक्य प्रबळाच्या तोंडीं आलें म्हणजे आक्रमण भासतें. वक्त्यास याची जाणीव नसली तरी श्रोत्यास ती असतेच.

१८४३ सालीं हा प्रश्न अलंकारिक न राहतां खरोखरीच न्यायालयांत गेला. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेंत शिकलेले नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण तरुण त्या वर्षीं ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयानें बारा वर्षांच्या सुमाराचा, तोहि मिशनरींच्या घरीं राहूं लागला. बापानें मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली आणि न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनीं मुलास पित्याच्या स्वाधीन केलें. नारायणानें सज्ञानपणें घेतलेला निर्णय त्याचा स्वतःचा होता. श्रीपताच्या वयाच्या मुलास ‘विचारणारा’ म्हणतां येईल काय, हा प्रश्न निराळा होता.

परंतु कथेचा उत्तरार्ध हिंदु समाजासहि तितकाच बोचणारा आहे. मिशनरींच्या घरीं जेवलेल्या त्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढें सरसावले. तेव्हां सनातनी मंडळींनीं मुलास दार उघडण्याऐवजीं बाळशास्त्र्यांवरच रोष धरला. ज्या समाजास आपलें बारा वर्षांचें लेंकरूं परत घेतांना इतका संकोच वाटला, त्यानें दुसऱ्याच्या उघड्या दारास दूषण द्यावें हें शोभत नव्हतें. पेरीसाहेबांच्या निकालानें एक मर्यादा सांगितली. जांभेकरांच्या अनुभवानें दुसरी उघडी पाडली.

हेच नारायण शेषाद्रि पुढें आमच्या मराठवाड्यांत आले. मानवत रोड स्थानकावरून गाडी मनमाडच्या दिशेनें निघाली कीं सेलू व परतूर ओलांडल्यावर जालना लागतें. हा लोहमार्ग १९०० सालीं पुरा झाला. शेषाद्रींनीं जालन्यास काम आरंभिलें तेव्हां तो नव्हता. मुलूख निजामाचा, गांवाशेजारीं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी, आणि ऐकावयास येणारे बहुतांशीं मांग. पुण्यामुंबईच्या शास्त्र्यांशीं वाद करण्यासाठीं तयार झालेल्या ह्या विद्वानापुढें निराळेच श्रोते बसले. ज्यांना गांवाच्या विहिरीवर जाण्याची मुभा नव्हती, त्यांचा पहिला प्रश्न वेदप्रामाण्याचा नसणार, हें समजण्यास पांडित्य लागत नाहीं. माणूस म्हणून आमची गणना होईल काय, हाच त्यांचा प्रश्न होता; आणि त्याचें उत्तर नुसत्या शब्दांनीं देतां येण्यासारखें नव्हतें. पहिल्या सालारजंगांच्या कारभारांत सरकारांतून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. बेथेल म्हणजे देवाचें घर.

ह्या उपक्रमास दुसरीहि बाजू आहे. निराळ्या गांवानें आसरा दिला, तशी कुंपणहि घातलें. ज्याची शेती, शाळा आणि प्रार्थना एकाच हातून येते, त्याची श्रद्धा कितपत त्याची स्वतःची, अशी शंका बाहेरच्यांनीं घेतली, आणि ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. पण ती घेणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तोंवर त्या लोकांना आपल्या विहिरीवर पाणी भरूं दिलें होतें? १८७३ सालीं शेषाद्रि न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले; परंतु त्यांच्या जीवनाचें खरें समर्थन त्या व्यासपीठापेक्षां जालन्याच्या माळावर झालें असें आम्हांस वाटतें.

पेत्राच्या कसोटीस पुरेपूर उतरणारें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. १८८९ सालीं मुंबईंत निघालेलें शारदासदन पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. तेथें धर्म शिकवावयाचा नाहीं असें वचन होतें. तथापि रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हां खोलीचें दार लावून घेत नसत व कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसत. १८९३ सालीं यावरून मोठा गहजब झाला. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, अनेक मुली काढून नेण्यांत आल्या. रमाबाईंनीं सक्ति केली नाहीं, पण दारहि लावलें नाहीं. त्या दाराबद्दल मतभेद होऊं शकतो. आश्रितेच्या मनावर आश्रयदात्याच्या वागण्याचा भार पडतोच, हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु येथें सांगणारी व्यक्ति साऱ्या पुण्यापुढें आरोपीच्या जागीं उभी होती, आणि तिनें आपला विश्वास लपविलाहि नाहीं, लादलाहि नाहीं.

त्याच १८९३ सालीं, राजनांदगांवास जाणाऱ्या गाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नारायण वामन टिळकांशीं काव्यशास्त्रविनोद केला व उतरतांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक १८९५ सालीं मुंबईंत ख्रिस्ती झाले. तो प्रवासी कोण हें त्यांना कधींच कळलें नाहीं. पण याहून मोठी गोष्ट त्यांच्या घरांत घडली. लक्ष्मीबाईंवर त्या धर्मांतरानें आकाश कोसळलें. त्या परत पतीजवळ आल्या तरी आपलें सोंवळें सांभाळून राहिल्या. टिळकांनीं तें मोडलें नाहीं. पुढें १९०० सालीं त्यांनीं दीक्षा घेतली ती स्वतःच्या विचारानें, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारा प्रत्येक जण जाणतो. टिळकांनीं अखेर, १९१७ सालीं, मिशनचें वेतनहि सोडलें व ‘देवाचा दरबार’ स्थापून त्यांत दीक्षित-अदीक्षित दोघांसहि स्थान दिलें. परकीय सत्तेची व पैशाची सावली अंगावर असतां आपल्या उत्तरास वजन येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ सांगतांना, तत्त्वें समजावून देणें म्हणजे प्रसार, दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा अधिकार त्यांत नाहीं, असें म्हटलें. या निर्णयावर वाद आहेत व ते होत राहतील. परंतु कायद्यास सांगतां येण्याजोगें इतकेंच असतें. कोणत्या क्षणीं बोलावें, कोणत्या क्षणीं गप्प राहावें, हें कायदा शिकवूं शकत नाहीं. तें रमाबाईंच्या उघड्या दारापाशीं आणि लक्ष्मीबाईंच्या निराळ्या चुलीपाशीं शिकावें लागतें. ज्यास आपली श्रद्धा सांगावयाची आहे, त्यानें ‘नाहीं’ हा शब्द ऐकून घेण्याची व त्यानंतरहि स्नेह टिकविण्याची तयारी ठेविली पाहिजे. आणि ज्यास ती ऐकावयाची नाहीं, त्यानें आपल्या विहिरीवर कोणास पाणी भरूं दिलें नव्हतें, याचा हिशोब आधीं मांडला पाहिजे.