उन्हात जळणारा ड्रॅक्युला

सकाळचं ऊन अंगावर पडलं की व्हॅम्पायर खलास होतो. हा नियम तुम्ही कुठल्या ना कुठल्या सिनेमात, सीरिजमध्ये किंवा गेममध्ये पाहिला असेलच. तो ड्रॅक्युलाच्या मूळ कादंबरीतून आला असणार, असंही वाटलं असेल. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर उभा राहून एका मुलीकडे टक लावून बघतो. दिवसा त्याची ताकद कमी होते, एवढंच. शेवटी तो मरतो तो सूर्य मावळता मावळता आणि सुऱ्यांच्या वारांनी. त्यातला एक वार तर चक्क कुकरीचा आहे.

मग ऊन आणलं कुणी? एका ढापलेल्या सिनेमानं.

१९२१ साली जर्मनीत प्राना-फिल्म नावाची एक नवी कंपनी निघाली. अल्बिन ग्राउ आणि एन्रिको डीकमन हे तिचे मालक. त्यांनी ड्रॅक्युलाची गोष्ट घेतली, हेन्रिक गालेनकडून पटकथा लिहून घेतली आणि दिग्दर्शनाला एफ. डब्ल्यू. मुर्नाऊला बसवलं. हक्क मात्र विकत घेतले नाहीत. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला, हार्करचा हुटर, मीनाची एलेन. लंडनच्या जागी व्हिसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन गाव आलं. नाव ठेवलं ‘नोस्फेराटू’. एवढी लपवाछपवी करून सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर मात्र लिहून टाकलं की हे स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून घेतलंय! हा प्रामाणिकपणा होता की निव्वळ बावळटपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

४ मार्च १९२२ ला बर्लिनमध्ये थाटात प्रीमियर झाला. स्टोकर १९१२ मध्येच गेला होता. मागे होती त्याची बायको फ्लोरेन्स. (लग्नाआधी ऑस्कर वाइल्डही तिच्यामागे होता, हे जाता जाता.) नवऱ्यानं बरीच पुस्तकं लिहिली, पण पैसे देत राहील असं पुस्तक एकच. त्याचे अमेरिकेतले हक्क तर कागदपत्रांच्या घोळात कधीच निसटलेले. म्हणजे या विधवेच्या हातात जे काही उरलं होतं, नेमकं त्यालाच प्रानानं हात घातला होता.

सिनेमाच्या इतिहासात फ्लोरेन्सबाईंना बहुतेक वेळा खलनायिका करतात. मला ते पटत नाही. इंग्लंडमधल्या लेखकांच्या संघटनेची मदत घेऊन त्या भांडल्या. पण प्राना आपला हा पहिला आणि शेवटचा सिनेमा काढून दिवाळखोरीत गेली होती. नुकसानभरपाई मागायची कुणाकडे? पैसे मिळणार नसतील तर निदान सिनेमा तरी राहू नये, अशी त्यांची मागणी होती. जुलै १९२५ मध्ये कोर्टानं निकाल दिला : निगेटिव्हसकट सगळ्या प्रती नष्ट करा.

माझ्या मते बाई बरोबर होत्या. आणि तरीही तो हुकूम पुरता अंमलात आला नाही याचा मला आनंद आहे. काही प्रती तोवर देशाबाहेर गेल्या होत्या. आज आपण मोबाइलवर जो ‘नोस्फेराटू’ बघतो, तो अशाच वाचलेल्या प्रतींच्या जिवावर.

आनंद कशाचा, तर चोरांनी गोष्टीत भर घातली त्याचा. त्यांचा ऑर्लोक जहाजातून येतो तो उंदरांचे कळप आणि प्लेग घेऊन. ओसाड गल्लीतून एकामागोमाग एक शवपेट्या जातात तो शॉट बघा. महायुद्ध आणि १९१८ ची साथ, दोन्ही सोसलेल्या प्रेक्षकांना तो केवळ भुताचा सिनेमा वाटला असेल का? आणि मग शेवट. एलेन स्वतःचा जीव पणाला लावून त्याला पहाटेपर्यंत खोलीत अडकवून ठेवते. कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं आणि ऑर्लोकचा धूर होतो. कादंबरीत पुरुषांची टोळी धावत-पळत जे करते, ते इथे एकटी बाई जागच्या जागी करते.

गंमत म्हणजे रात्रीचे बरेच प्रसंग दिवसा शूट करून फिल्मवर निळा रंग चढवला होता. तो रंग नसलेली काळी-पांढरी प्रत लागली, तर उन्हानं मरणारा हा काउंट लख्ख उजेडात शवपेटी काखेत मारून गावातून फिरताना दिसतो.

‘झपाटलेला’ पाहून वाढलेल्या आपल्याला हे काही नवं नाही. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. पण १९९३ मध्ये महेश कोठारेंच्या सिनेमात मृत्युंजय मंत्र आला, बोलका बाहुला आला, लक्ष्या आला, आणि तात्या विंचू आपला झाला. तरी मूळ कल्पना ज्याची होती त्याचं काय, हा प्रश्न राहतोच. तो फ्लोरेन्सबाईंनी कोर्टात विचारला होता, इतकाच फरक.

१९७९ मध्ये वेर्नर हेर्झोगनं ‘नोस्फेराटू’ पुन्हा केला. तोवर कादंबरी सगळ्यांना खुली झाली होती, म्हणून त्यानं काउंटला ड्रॅक्युला हे नाव परत दिलं. मरण मात्र पहाटेच्या उन्हातलंच ठेवलं. २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सनं तर नावही पुन्हा ऑर्लोक केलं. आता ते बदलायला त्याला कुठलंच कोर्ट भाग पाडत नव्हतं.