जुन्या घरांचे फोटो: लाला दीनदयाळ ते विक्रीची जाहिरात

धार आणि देवासमधली आपल्या लोकांची जुनी घरं आता एकेक करून विकायला निघाली आहेत. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, काही अमेरिकेत. घरात एक-दोन म्हातारी माणसं, नाहीतर नुसतं कुलूप. पूर्वी घर विकायचं म्हणजे चार ओळखीच्यांच्या कानावर घालायचं, मग दलाल यायचा, बयाना व्हायचा, रजिस्ट्री व्हायची. आता सगळ्यात आधी फोटो लागतात. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो बघतं आणि पुष्कळदा तिथंच नाही म्हणून मोकळं होतं.

म्हणून फोटोवाला येतो. कोपऱ्यात उभा राहून वाइड लेन्सनं दहा फुटांची खोली पंधरा फुटांची दाखवतो. मग कॉम्प्युटरवर भिंती उजळतात, ओलीचे डाग जातात, विजेच्या तारा पुसल्या जातात, पांढुरक्या आभाळाच्या जागी निळंशार आभाळ येतं. घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "हे काय नवीन खोटं काढलंय!" पण मंडळी, यातलं बरंचसं दीडशे वर्षांचं जुनं आहे, आणि त्या इतिहासातलं एक मोठं नाव आपल्या माळव्यातलंच आहे.

लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम इमारतींचे नकाशे काढायचं आणि खर्चाचा अंदाज करायचं. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. सर हेन्री डेली आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांनी प्रोत्साहन दिलं. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतात फिरून त्यांनी जुन्या वास्तूंचे फोटो काढले. त्यातून १८८६ मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचं पुस्तक निघालं. आपल्या धार जिल्ह्यातल्या मांडूचेही त्यांनी काढलेले फोटो आहेत. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले.

त्या काळच्या कामाची रीत बघा. उंच इमारत टिपायला कॅमेरा वर वाकवला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. म्हणून मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवायची सोय असे. आज मोबाईलमधलं 'सरळ करा'चं बटण तेच काम करतं. तेव्हाच्या काचांवर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होई, त्यामुळे आभाळ कोरं पांढरं यायचं. यावर उपाय म्हणून युरोपातले फोटोग्राफर १८५० च्या दशकापासूनच ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवून ती इमारतीच्या फोटोत छापत. म्हणजे आभाळ बदलणंही जुनंच! स्टुडिओत टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवर रीटचिंग करून चेहऱ्यावरचे डाग घालवत, आणि मग हातानं रंग भरत.

पण हे सगळं राजवाड्यांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी. आपली घरं फोटोत आली ती पाठीमागचा पडदा म्हणून. मुंज, लग्न, नाहीतर कुणाची बदली. ओसरीसमोर सतरंजी, खुर्च्यांवर वडीलधारी, मागे सुना, खाली पोरंसोरं. त्या ग्रुपफोटोत तुळशीवृंदावनाचा कोपरा किंवा नक्षीचा खांब आला तर आला. पुढे आपल्याकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा आला. एका रोलमध्ये बारा फोटो! रिकाम्या भिंतीवर त्यातला एक कोण घालवणार? शिवाय आत उजेड कमी. त्यामुळे माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली यांचे फोटो आपल्या अल्बमात जवळपास नाहीतच. ज्या खोल्यांत आपल्या आज्या-पणज्यांचा सगळा जन्म गेला, त्या खोल्या कागदावर कधी उमटल्याच नाहीत.

आता विक्रीच्या निमित्तानं पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येक खोलीचा फोटो निघतोय. तो बहुतेक शेवटचाही असणार, कारण घेणारा पुष्कळदा जागेसाठी घेतो आणि वाडा पाडतो. आणि नेमका हाच फोटो आपण पुसून-उजळून ठेवतो. कोनाड्यातली दिव्याची काजळी, झिजलेला उंबरठा, दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या रेघा, हे सगळं 'खराब दिसतं' म्हणून जातं. देवासात तर एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आपलं घर कुठल्या पातीत होतं हे गल्लीवरून, शेजारावरून कळायचं. जाहिरातीच्या फोटोत गल्लीच कापलेली असते.

घर विकू नका असं माझं म्हणणं नाही. ज्याची त्याची अडचण असते. फोटोही चांगलेच काढावेत. खिडक्या उघडा, सामान आवरा, भिंती सरळ दिसू द्या, उजेड वाढवा, त्यात खोटं काही नाही. पण भेग, ओल, खचलेलं छत पुसू नका. दीनदयाळ ग्रिफिनसाहेबांबरोबर फिरत होते त्याच १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे.

आणि एक विनंती. फोटोवाल्याला बोलवायच्या आदल्या दिवशी, सामान हलवायच्या आधी, घराचे आपले स्वतःचे फोटो काढा. मोबाईलवर काढलेले चालतील. प्रत्येक खोली चारी कोपऱ्यांतून, देवघर देवांसकट, जिना, न्हाणीघर, मागचं दार, गल्ली दोन्ही बाजूंनी. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला बरोबर घेऊन फिरा. कुठल्या खोलीत कोण राहायचं, काय घडलं, ते बोलतं करून रेकॉर्ड करा. हे फोटो एडिट करायचे नाहीत. साल, गल्ली, पाती आणि खोलीचं नाव लिहून भावंडांना एकेक प्रत पाठवा.

जाहिरातीत मात्र देवांचे दागिने, घराची कागदपत्रं आणि भिंतीवरचे पूर्वजांचे फोटो दिसू देऊ नका. ते गिऱ्हाइकाच्या कामाचे नाहीत.

कुणाकडे धार-देवासच्या घरांच्या आतले जुने फोटो असतील, विशेषतः माजघराचे किंवा चुलीचे, तर जरूर दाखवा. फोटो अंधुक असला, कडा फाटलेली असली तरी चालेल. मागे काही लिहिलं असेल तर त्या बाजूचाही फोटो पाठवा.