ध्वज आणि नोंदवही

इतिहास ध्वजांची नोंद ठेवतो, उपकरणांची क्वचितच. ९ जानेवारी १९८२ रोजी डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली, गोव्याहून निघालेले २१ जणांचे पथक अंटार्क्टिकावर उतरले. ध्वज फडकला, परंतु खरी कसोटी पुढेच होती. तेथील थंडीत बॅटरीची शक्ती झपाट्याने घटते, वंगण थिजते. स्क्रू फिरवावा तर उघडी बोटे बधिर होतात आणि हातमोज्यांत तो सापडत नाही.

भूचुंबकीय मापनाचे पथ्य याहून कडक. लोखंडाच्या वा विजेच्या सान्निध्याने ते बिघडते. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे हे काम १९०४ पासून अलिबागला नेण्यात आले. त्याच परंपरेतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेने पुढे अंटार्क्टिकावरही वेध घेतले.

१९८३-८४ मध्ये हिमस्तरावर उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. १९९० मध्ये ते सोडावे लागले. वास्तू गेली, नोंदी उरल्या. इंदूरच्या उन्हात वाढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्या मोहिमांतून साहसाआधी हे व्रत घ्यावे: कोणी पाहत नसतानाही आकडा खरा लिहावा.